ट्रोल किल्ल्यात न्यायचा : साखळदंड की रूपांतराचा मंत्र?
जिवंत पकडलेला ट्रोल, म्हणजे जखमा आपोआप भरून येणारा धिप्पाड राक्षस, मालवणच्या जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात पोहोचवायचा असेल, तर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या कल्पनारम्य खेळाच्या २०१४ च्या नियमांनुसार खेळणाऱ्या गटापुढे मुख्यतः हे दोन मार्ग असतात.

साखळदंडांना मांत्रिक लागत नाही, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. नेहमीच्या बेड्या मध्यम आकारापर्यंतच्याच प्राण्यांना बसतात, त्यामुळे ट्रोलला साखळीनेच जखडावे लागते. ती तोडण्यासाठी वीस बाजूंचा फासा आणि ताकद मिळून २० गुण लागतात. ट्रोलच्या ताकदीचे ४ गुण धरता प्रत्येक प्रयत्नात त्याला २५ टक्के संधी मिळते आणि असा प्रयत्न तो दर ६ सेकंदांनी करू शकतो. त्याला बेशुद्धच ठेवावे म्हटले, तर दर फेरीला, म्हणजे त्याच ६ सेकंदांत, त्याचे १० प्राणगुण (जिवात किती बळ उरले त्याचे गुण) भरून येतात. ते आग किंवा आम्ल लावून रोखले, तर शून्य प्राणगुणांवर पडलेला ट्रोल मरूनच जातो, आणि तसेही लाकडी होडीत पेटते पलिते कोणता तांडेल चालवून घेईल?

मंत्राने त्याची शेळी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या मंत्राला मनोबलानेच परतवता येते आणि ट्रोलचे मनोबल कच्चे असते; शिवाय मंत्राच्या एका तासात किल्ला सहज गाठता येतो. खेकडा मात्र करू नये. तो पोहून निसटेल. शेळीचे ४ प्राणगुण संपले, तर होडीतच ट्रोल उभा राहील, म्हणून तिला कोणाचा धक्काही लागू देऊ नये. मांत्रिकाची एकाग्रता टिकेल तोवरच मंत्र टिकतो, आणि वादळी समुद्रात लाट अंगावर आदळली, तर ती टिकवण्यासाठी मांत्रिकाला फासा टाकायला लावण्याची मुभा खेळ चालवणाऱ्याला नियमांतच आहे. तेव्हा हा बेत पावसाळ्यात आखू नये.