पाय दिसले पाहिजेत : शारीरिक विनोदाच्या एका चित्रपट-सेवेचे परीक्षण

जुने मूकपट, कार्टूनपट आणि अभिजात विनोदी चित्रपट घरबसल्या दाखवणाऱ्या एका वर्गणी-सेवेचा मी गेले वर्षभर नियमित वापर केला आहे. हे परीक्षण तिच्यातील ‘शारीरिक विनोद’ या विभागापुरतेच आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही, कारण मला आढळलेले दोष इतरत्रही सर्रास दिसतात आणि प्रत तपासण्याची जी रीत मी पुढे सांगणार आहे ती अशा कोणत्याही सेवेला किंवा डिस्क-संचाला लागू पडते.

संवादांवर चालणारा विनोद प्रत खराब असली तरी कानावर पडतो. धडपडणे, घसरणे, तोल जाता जाता सावरणे, दार नेमके चुकीच्या क्षणी उघडणे, हा विनोद मात्र पूर्णपणे चित्रात आणि चित्राच्या वेळेत असतो. चौकट कापली, वेग बदलला किंवा दोन चित्रे एकमेकांत मिसळली की तो नाहीसा होतो, आणि नाहीसा होताना काही खूणही ठेवत नाही. पाहणाऱ्याला प्रत सदोष असल्याचे कळत नाही. त्याला वाटते की हे लोक आता हसवत नाहीत, त्यांचा काळ संपला. ज्या माणसांनी एका दृश्यासाठी हाडे मोडून घेतली त्यांच्या वाट्याला असा निकाल यावा हे मला फार अन्यायाचे वाटते, आणि म्हणूनच या विभागातील प्रतींकडे मी इतक्या बारकाईने पाहिले.

सुरुवात चांगल्यापासून करतो. मूकपटांतील विनोदवीर बस्टर कीटनचे चित्रपट या सेवेने उत्तम प्रतींत दिले आहेत. ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ (१९२८) मधील वादळात घराची संपूर्ण दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीची जागा नेमकी तो उभा असतो तिथे येते, म्हणून तो वाचतो. भिंत सुमारे दोन टनांची होती आणि खिडकीत त्याच्या शरीराभोवती काही इंचांचीच मोकळीक होती. हे दृश्य दुरून, एकाच सलग चित्रणात घेतलेले आहे, आणि त्याची सगळी ताकद त्या अंतरात आहे: आपल्याला भिंत, खिडकी, जमीन आणि माणूस हे चारही एकाच वेळी दिसतात, त्यामुळे कुठे फसवणूक झाली असेल अशी शंकाच उरत नाही. या प्रतीत चौकट मूळ प्रमाणात, म्हणजे चारास तीन या मापात, जशीच्या तशी ठेवली आहे, आणि धूळ उडाल्यावर कीटन ज्या निश्चलपणे उभा राहतो ती निश्चलता स्पष्ट दिसते. हीच कल्पना त्याने ‘वन वीक’ (१९२०) या लघुपटात आधी लहान प्रमाणावर वापरली होती. तो लघुपटही याच विभागात असल्यामुळे दोन्ही लागोपाठ पाहता येतात, आणि तसे पाहावेत असे मी आग्रहाने सांगेन.

कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर काम करत असे. वडील त्याला अक्षरशः उचलून फेकत, आणि उचलायला सोपे जावे म्हणून त्याच्या कपड्याला सुटकेसची मूठ शिवलेली असे. पडताना अंगाचा भार कुठे टाकायचा हे त्याला अक्षरांआधी कळले असावे. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये तो आगगाडीच्या टपांवरून धावतो, पाण्याच्या टाकीची सोंड पकडतो आणि पाण्याच्या लोटाने रुळांवर आपटतो. त्या वेळी त्याच्या मानेचे हाड मोडले होते, आणि हे त्याला अनेक वर्षांनंतर वैद्यकीय तपासणीत समजले. तो पाण्याचा लोट या प्रतीत पाण्यासारखा कोसळतो, हे मी विशेष नोंदवतो. याचे कारण वेगाच्या प्रश्नात आहे.

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे घेतली जात, कधी जास्त, कधी कमी. बोलपट आल्यावर २४ चित्रांचा वेग ठरून गेला. सेकंदाला १८ चित्रे घेऊन केलेले चित्रण २४ च्या वेगाने दाखवले की हालचालीचा वेग एक-तृतीयांशाने वाढतो, आणि माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु चालू लागतात. प्रश्न एवढ्यावर संपत नाही, कारण पाठलागाच्या प्रसंगांत विनोदवीर स्वतःच कॅमेरा मुद्दाम हळू फिरवायला लावत, म्हणजे पडद्यावर वेग वाढेल. त्यामुळे एकच ‘योग्य’ आकडा संपूर्ण चित्रपटाला लावता येत नाही. प्रत तयार करणाऱ्याला दृश्यागणिक निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी पडणारे पाणी, वाऱ्यावर हलणारे कापड आणि मागे चालणारी सामान्य माणसे यांच्याकडे पाहणे ही सर्वांत भरवशाची कसोटी आहे, कारण पाण्याला अभिनय करता येत नाही.

ही काळजी चॅप्लिनच्या लघुपटांबाबत घेतलेली नाही, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. ‘वन ए.एम.’ (१९१६) हा जवळजवळ एकपात्री चित्रपट आहे. दारू पिऊन रात्री घरी परतलेला माणूस गोल फिरणाऱ्या टेबलाशी, जिन्याशी, प्रचंड लंबकाच्या घड्याळाशी आणि भिंतीतून उघडणाऱ्या पलंगाशी झुंजतो. प्यालेला माणूस शुद्धीत असल्याचे भासवण्यासाठी प्रत्येक हालचाल अतिशय जपून करतो, आणि चॅप्लिनचा सगळा विनोद त्या जपण्यात आहे. सेवेच्या प्रतीत सबंध लघुपट २४ च्या वेगाने पळतो. जपणे दिसतच नाही, फक्त झटके दिसतात. त्यावर पियानोची एक धून चढवली आहे, जी काही मिनिटांनी संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पडद्यावर माणूस पडत असो की विचार करत असो, तिला त्याच्याशी कर्तव्य नाही. मूकपटगृहातला वादक पडद्याकडे पाहून वाजवत असे. चांगली साथ मिळणार नसेल तर आवाज बंद करून पाहण्याची सोय सेवेने ठळकपणे सुचवायला हवी होती.

‘द गोल्ड रश’ बाबत चूक वेगळ्या प्रकारची आहे. पाटीवर १९२५ हे वर्ष आहे, पण प्रत्यक्षात जी प्रत लागते ती चॅप्लिनने १९४२ मध्ये पुन्हा प्रदर्शित केलेली आहे. तीत त्याने दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातले, संगीत जोडले आणि चित्रपट आखूड केला. ती प्रतही त्याचीच आहे, त्यामुळे ती दाखवण्यात गैर काही नाही. परंतु बूट शिजवून खाण्याचा प्रसंग शांततेत पाहणे आणि तोच प्रसंग कुणीतरी सांगत असताना पाहणे हे दोन वेगळे अनुभव आहेत: पहिल्यात आपण त्याच्या बोटांकडे पाहतो, दुसऱ्यात अर्धे लक्ष कानांकडे जाते. दोन्ही प्रती, आपापल्या वर्षांसह, शेजारी शेजारी ठेवायला हव्यात.

हॅरल्ड लॉइडचा ‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३) नीट आहे. सोबतचे टिपण वाचनीय असून त्यात १९१९ च्या अपघाताचा उल्लेख आहे, ज्यात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लटकणारा त्याचा हात कृत्रिम बोटे बसवलेल्या हातमोज्यात आहे हे कळल्यावर ते दृश्य मी पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

आता कार्टूनपटांकडे वळतो, कारण विभागाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांनी व्यापला आहे. जिवंत नटाच्या शरीराला वजन असतेच. कसलेला विनोदवीर ते कधी लपवतो, कधी दाखवतो. रेखाटलेल्या शरीराला वजन नसते, ते चित्रकाराला प्रत्येक चित्रात निर्माण करावे लागते. उडी मारण्याआधी अंग आकसणे, जमिनीवर येताच चपटे होणे, थांबल्यावरही कान किंवा शेपूट क्षणभर हलत राहणे, या सगळ्यांतून डोळ्याला भार जाणवतो. आणि हे सर्व सेकंदाच्या चोविसाव्या भागांत मोजलेले असते. रोडरनर या पक्ष्याच्या कार्टूनपटांचे दिग्दर्शक चक जोन्स सांगत असत की त्या पक्ष्याचा पाठलाग करताना कड्यावरून पडणारा कोयोट दिसेनासा व्हायला १८ चित्रे लागतात आणि त्यानंतर १४ चित्रांनी खाली धुळीचा लोट उठतो. त्या १४ चित्रांत पडद्यावर काहीच घडत नाही, आणि हसू तिथेच तयार होते.

एवढ्या नेमक्या मोजणीवर सेवेतील काही प्रतींनी काय केले आहे ते पाहा. रोडरनरचे सुरुवातीचे तीन लघुपट बहुधा जुन्या दूरचित्रवाणी-फितीवरून घेतले आहेत. चित्र थांबवून एकेक पाऊल पुढे सरकवले तर जागोजागी दोन चित्रे एकमेकांवर पुसट चढलेली दिसतात. चालू वेगात हे डोळ्याला वेगळे जाणवत नाही, पण फटका बसण्याचा क्षण बोथट होतो. ‘द डोव्हर बॉइज’ (१९४२) मध्ये जोन्स यांनी एका मुद्रेतून दुसऱ्या मुद्रेत जाताना मध्ये ताणलेल्या, ओघळलेल्या आकृती वापरल्या आहेत. त्या सुदैवाने इथे स्वच्छ दिसतात, आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या कुणीही त्या एकेक करून पाहाव्यात. ‘टॉम अँड जेरी’च्या काही प्रतींत मात्र दुसराच उपद्रव आहे. डाग काढणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने वेगाने हलणाऱ्या बारीक रेषांनाच डाग समजून पुसले आहे, त्यामुळे टॉमच्या मिशा आणि बोटांच्या कडा ऐन धावपळीत तुटक होतात. चित्र चकचकीत दिसते, म्हणून हा दोष सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ फिल्मवरची धूळ राहिली असती तरी चालले असते.

याच मालिकेबाबत एक सूचना करतो. सेवेने काही भागांवर निवेदनाचा वेगळा ध्वनिपट दिला आहे आणि तोच आपोआप सुरू होतो. तो बंद करावा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात केलेल्या ११४ लघुपटांत पात्रे फारच क्वचित बोलतात; स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत पावलागणिक हालचालीला बांधलेले आहे, आणि टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी स्वतः हॅना यांच्या आवाजातली आहे. या ध्वनीवर बडबड चढवणे म्हणजे तबलजी वाजवत असताना त्याच्या हातावर हात ठेवण्यासारखे आहे.

‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) या विभागात ठेवल्याबद्दल निवड करणाऱ्याचे मी मनापासून अभिनंदन करतो. रेखाटलेला ससा आणि जिवंत नट बॉब हॉस्किन्स एकाच बेडीत अडकतात तेव्हा सशाचे सगळे वजन हॉस्किन्स यांच्या मनगटात आणि खांद्यात दिसते. समोर काहीही नसताना त्यांनी तो ताण अंगाने रचला, आणि रिचर्ड विल्यम्स यांच्या चित्रकारांनी नंतर ससा त्या ताणात बसवला. वजन लपवणारी कला आणि वजन निर्माण करणारी कला एका दृश्यात अशी भेटलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. जॅक ताती यांचा ‘प्लेटाइम’ (१९६७) येथे आहे, प्रतही चांगली आहे, पण ७० मिलिमीटरवर चित्रित झालेल्या त्या चित्रपटात एकाच चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार प्रसंग चालू असतात, त्यामुळे तो फोनवर पाहू नये.

जॅकी चॅनच्या ‘प्रोजेक्ट ए’ (१९८३) मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून, कापडी छत फाडत जमिनीवर येणारी उडी आहे. लॉइडच्या घड्याळानंतर लगेच ती पाहिली की साठ वर्षांचे अंतर एका संध्याकाळी ओलांडता येते. चॅनच्या अनेक चित्रपटांत अखेरच्या श्रेयनामावलीबरोबर फसलेल्या उड्या आणि झालेल्या दुखापती दाखवलेल्या असतात, आणि तो चित्रपटाचाच भाग असतो. ही सेवा मात्र श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात लहान करते आणि दुसऱ्या चित्रपटाची जाहिरात लावते. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येते. सदस्य झाल्यावर पहिले काम तेच करावे.

शेवटी लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) बद्दल. उत्कृष्ट विनोदी लघुपटाचे पहिले ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटात दोघेजण पियानोचे खोके एका लांबच लांब जिन्यावरून वर नेऊ पाहतात आणि ते पुन्हा पुन्हा खाली घरंगळते. सेवेवर तो रुंद पडदा भरून काढण्यासाठी वरून-खालून कापलेला होता. चारास तीनची चौकट सोळास नऊमध्ये बसवली की उंचीचा चौथा भाग जातो, आणि इथे तो चौथा भाग म्हणजे वर टोप्या आणि खाली पाय. कोण कोणत्या पायरीवर उभा आहे आणि भार कोणावर आला आहे हे कळल्याशिवाय त्या जिन्यावर हसायला काही उरत नाही. मी दृश्यांच्या वेळा नोंदवून सेवेला सविस्तर पत्र लिहिले, त्यात ‘वन ए.एम.’चा वेग आणि ‘द गोल्ड रश’चे वर्ष हेही लिहिले. वर्षाची पाटी अजून तीच आहे आणि चॅप्लिन अजून पळतोच आहे. ‘द म्युझिक बॉक्स’ मात्र सुमारे महिन्याभरात पूर्ण चौकटीत आला, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून, आणि आता हार्डी मागे सरकतो तेव्हा त्याची टाच पायरीची कड शोधताना दिसते.