तीन हिमगौरी: घरी कोणती लावायची?

रविवारी दुपारी मुलांना हिमगौरी आणि सात बुटक्यांचा सिनेमा दाखवायचा बेत ठरला की ‘कोणता?’ इथेच गाडी अडते. कार्टून नको, खरी माणसं असलेला हवा, असं म्हटलं तरी मोठे पर्याय तीन उरतात. मार्च २०१२ मध्ये आलेला ‘मिरर मिरर’, त्याच वर्षी जूनमध्ये आलेला ‘स्नो व्हाइट अँड द हंट्समन’ आणि मार्च २०२५ मध्ये आलेला डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’.

रेटिंग बघून ठरवू म्हणाल, तर डोकं आणखी फिरेल. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या लोकांना श्रेणी विचारते. तिथे ‘मिरर मिरर’ला बी प्लस मिळालं, ‘हंट्समन’ला बी आणि २०२५ च्या ‘स्नो व्हाइट’ला पुन्हा बी प्लस. म्हणजे तिकीट काढून आत गेलेल्यांच्या मते पहिला आणि तिसरा एकाच मापाचे. पण आयएमडीबी या, कुणीही गुण देऊ शकेल अशा सिनेमांच्या संकेतस्थळावर तिसऱ्याचे गुण दहापैकी दोनच्या आसपास घुटमळतात, तर ‘मिरर मिरर’चे साडेपाचच्या आसपास. सिनेमा तोच, मग एवढी तफावत का? आयएमडीबीवर मत द्यायला तिकीट लागत नाही, सिनेमा बघितलेला असावा लागतो असंही नाही. हा फरक डोक्यात ठेवला की तिन्ही सिनेमांच्या प्रतिक्रिया नीट वाचता येतात.

आधी ‘मिरर मिरर’. दिग्दर्शक तरसेम सिंग मूळचा जालंधरचा, आणि ते पडद्यावर कळतं. रंग, झगे, भलेमोठे महाल, आणि शेवटी सगळ्यांना घेऊन नायिकेचं नाचगाणं! तिकडचे समीक्षक या गाण्याने बावचळले, आपल्याकडच्या प्रेक्षकाला मात्र ते अगदी घरचं वाटतं. सिनेमा संपताना गाणं नसेल तरच आपल्याला चुकल्यासारखं होतं. कपडे एइको इशिओका या जपानी वेशभूषाकाराचे. सिनेमा यायच्या दोन महिने आधी त्या गेल्या आणि ऑस्करचं नामांकन त्यांना मरणोत्तर मिळालं. मुलांना अर्थात याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना आवडतं ते राजकुमाराचं कुत्र्याच्या पिल्लासारखं वागणं, राणीच्या चापलूस नोकराचं झुरळ होणं, आणि ज्युलिया रॉबर्ट्सच्या राणीने सुंदर दिसण्यासाठी पक्ष्यांची विष्ठा तोंडाला फासणं. मोठ्यांची तक्रार एकच असते, ही राणी भीतीदायक वाटतच नाही, नुसती टोमणे मारत हिंडते. तक्रार खरी आहे. पण सहा वर्षांच्या मुलीशेजारी बसून बघताना तीच सोय वाटते.

‘हंट्समन’चं सगळंच उलट. इथली राणी, म्हणजे चार्लीझ थेरॉन, तरुण मुलींचं तारुण्य तोंडाने ओढून घेते आणि पक्ष्यांची काळजं खाते. जंगल काळंकुट्ट, लढाया चिखलातल्या. अमेरिकेतही याला तेरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी जपून राहावं असं प्रमाणपत्र आहे, आणि ते मनावर घ्या. जगभरातला गल्ला मात्र तिघांत याचाच सर्वांत मोठा, जवळपास ४० कोटी डॉलर. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत एक सूर सतत ऐकू येतो: राणी आली की पडदा पेटतो, हिमगौरी आली की विझतो. क्रिस्टन स्ट्युअर्टवरचा हा राग मला थोडा अन्यायाचा वाटतो. पटकथेने तिला बोलायला फारसं दिलेलंच नाही आणि एकदम युद्धाआधी भाषण ठोकायला उभं केलंय. एक गोष्ट मात्र या सिनेमाने धिटाईने केली. सरदारपुत्र ओठ टेकवतो आणि काही होत नाही, दारुड्या शिकाऱ्याच्या चुंबनाने ती उठते, तरी शेवटी लग्न कुणाशीच होत नाही. ती नुसती सिंहासनावर बसते. कॉलेजातल्या मुलीबरोबर बघा, नंतर तासभर वाद घालता येईल.

आता २०२५ चा, ज्याच्याविषयी सगळ्यांना मत आहे आणि बघितलेले त्यामानाने थोडे. नायिका म्हणून रेचल झेग्लरची निवड २०२१ मध्ये जाहीर झाली आणि लगेच तिच्या रंगावरून ओरड सुरू झाली, कारण नावातच हिमाची शुभ्रता. सिनेमाने नावाचा अर्थच बदलला, मुलगी हिमवादळाच्या रात्री जन्मली म्हणून स्नो व्हाइट. पुढे झेग्लर १९३७ च्या कार्टूनमधल्या राजकुमाराविषयी काहीतरी तिखट बोलली, आपली नायिका खऱ्या प्रेमाची स्वप्नं बघत बसणार नाही म्हणाली, आणि जुन्या कार्टूनवर वाढलेले लोक दुखावले. गंमत अशी की सिनेमात प्रेम आहे, प्रियकर आहे आणि उठवणारं चुंबनही आहे! राजकुमाराच्या जागी जोनाथन नावाचा एक चोर आहे, एवढाच काय तो बदल. म्हणजे बराचसा संताप जो सिनेमा आलाच नाही त्याच्यावर निघाला.

याचा अर्थ सिनेमा चांगला आहे असा नाही. २५ कोटी डॉलरच्या घरात खर्च झाल्याचं सांगितलं जातं, आणि जगभरातून मिळाले साधारण २० कोटी. बी प्लस हा गुणही डिस्नेसाठी लाजिरवाणाच. ‘सिंड्रेला’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘अलादीन’ या त्यांच्याच परीकथांना याच मोजपट्टीवर ए मिळालेलं आहे. तिकीट काढून बघणारेही झेग्लरच्या आवाजाला दाद देतात आणि राणी झालेल्या गॅल गॅडोटच्या गाण्याच्या वेळी चुळबुळतात. शेवटी नायिका शिपायांना त्यांच्या नावांनी हाक मारते आणि ते शस्त्रं खाली ठेवतात. मला हा प्रसंग मनापासून आवडला, लढाईची वाट बघत बसलेल्या पोरांना तो फुसका बार वाटू शकतो.

तिन्ही सिनेमांची खरी परीक्षा बुटक्यांपाशी होते. ‘मिरर मिरर’मध्ये खरोखरचे ठेंगणे कलाकार आहेत, घडीच्या लांब पायांवर उभे राहून वाटमारी करणारे, आणि प्रत्येकाला स्वभाव आहे. ‘हंट्समन’ने बॉब हॉस्किन्स, इयन मॅकशेन असे नेहमीच्या उंचीचे नट घेऊन त्यांना तंत्राने छोटं केलं. ठेंगण्या लोकांच्या अमेरिकी संघटनेने तेव्हा निषेध नोंदवला, आमचं काम आम्हालाच का नाही? २०२२ च्या जानेवारीत नट पीटर डिंक्लेजने, जो स्वतः ठेंगणा आहे, गुहेत राहणारे सात बुटके ही कल्पनाच मागासलेली असल्याची टीका केली. डिस्नेचे बुटके पडद्यावर आले ते संगणकाने बनवलेले. त्यावर दुसऱ्या ठेंगण्या कलाकारांनी तक्रार केली की आमच्या हातची सात कामं गेली. प्रेक्षकांना तर ते बुटके दिसायलाच विचित्र वाटले: त्वचा माणसाची, डोळे कार्टूनचे. लहान मुलं एवढं बघत नाहीत, त्यातल्या डोपी नावाच्या बुटक्यावर ती खूश असतात. पण या एका बाबतीत मी ‘मिरर मिरर’ला डोळे झाकून वर ठेवेन.

मग लावायचा कोणता? मूल पाच ते नऊ वर्षांचं असेल आणि घरात आजीआजोबाही बसणार असतील, तर ‘मिरर मिरर’. जंगलातला राक्षस आणि बुटक्यांच्या घरावर चालून येणारे लाकडी बाहुले एवढ्या दोन ठिकाणी हात धरावा लागेल. मुलीला गाण्यांचं वेड असेल, ती दिवसभर गुणगुणत असेल, तर २०२५ चा लावा आणि नेटवरचे गुण विसरा. तेरा-चौदाच्या पुढची मंडळी, ज्यांना परीकथा म्हटलं की हसू येतं, त्यांना ‘हंट्समन’. दुसरा भाग २०१६ मध्ये आला, त्यात हिमगौरीच जवळजवळ नाही, तेव्हा तो सोडला तरी चालेल.

सिनेमा संपल्यावर ‘खरी गोष्ट कशी होती?’ असा प्रश्न हमखास येतो. ग्रिम बंधूंचं पुस्तक काढाल तर आधी एकट्याने वाचून घ्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत दुष्ट राणी सावत्र नाही, सख्खी आई आहे. चुंबन कुठेच नाही. आणि शेवटी राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात.