ट्रायपॉड घ्यावा की मुगाची पिशवी शिवावी?

मावसभावाने परवा विचारलं, "दादा, ट्रायपॉड घेऊ की तुझ्यासारखी मुगाची पिशवी शिवू?" फोटो काढताना कॅमेरा हलू नये म्हणून मी दोन्ही वापरतो: तीन पायांचा ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याखाली ठेवायची मूग भरलेली पिशवी.

खर्चात तुलनाच नाही. पिशवीला जुन्या जीन्सचा पाय आणि दीड किलो मूग पुरतात. ट्रायपॉडला काही हजार लागतात. अगदी स्वस्तातला आमच्या नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या, वाऱ्यात थरथरतो.

नाशिकच्या पांडवलेणीत आत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० ठेवूनही शटर अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागतं. दगडी ओट्यावर पिशवी ठेवायची, कॅमेरा तिच्यात रुतवायचा, २ सेकंदांचा टायमर लावायचा. कोरीव काम लख्ख उमटतं. शिवाय अशा संरक्षित स्मारकात स्टँडला सहसा परवानगी लागते, पिशवीकडे कोणी बघत नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या मनोऱ्यावरही कठड्यावर पिशवी, तिच्यावर लांब लेन्स. धुक्यातून बगळा उडाला की लेन्स लगेच वळते.

पण पिशवीला कठडा लागतो. गोदावरीच्या रामकुंडावर संध्याकाळी पाण्यातले दिवे १५ सेकंद शटर उघडं ठेवून टिपायचे, तर हवी ती उंची ट्रायपॉडच देतो. पावसात मूग भिजतात, तेही आहेच.

पक्षी आणि लेणी हा तुझा नाद असेल तर पिशवी शिव. रात्रीचा घाट आणि तारे हवे असतील तर पैसे साठव, जड ट्रायपॉड घे.