डार्सी दोन, एलिझाबेथ दोन: १९८० की १९९५?

जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवर बीबीसीने केलेल्या मालिका म्हटलं की सगळ्यांना १९९५ची आठवते. नायक डार्सी झालेला कॉलिन फर्थ, तळ्यातली उडी, भिजलेला सदरा. अँड्र्यू डेव्हिसने लिहिलेले ते सहा भाग देखणे आहेतच. फिल्मवर चित्रित केल्यामुळे लाइम पार्क या वाड्यात उभं केलेलं डार्सीचं घर, पेंबर्ली, डोळ्यांत भरतं. पण ती उडी कादंबरीत नाही. डार्सी घोड्यावर, डार्सी तलवारबाजी करताना, डार्सी अंघोळीला! त्याच्या मनातली घालमेल आपल्याला नायिका एलिझाबेथच्या कितीतरी आधी कळून जाते.

१९८०ची मालिका पाच भागांची, पटकथा फे वेल्डनची. ती नाटकासारखी वाटते, दिवाणखान्यातले प्रसंग लांबतात, हे खरं. डेव्हिड रिंटूलचा डार्सी इतका ताठ की सुरुवातीला रागच येतो. मला तेच हवं होतं. एलिझाबेथला तो जसा दिसतो तसाच आपल्यालाही दिसतो, म्हणून त्याला ओळखण्यातली तिची चूक आपलीही होते. डार्सी एलिझाबेथला लिहितो ते पत्र घ्या. त्यात तो त्याची निंदा करणाऱ्या विकहॅमचं खरं रूप सांगतो. १९९५मध्ये विकहॅमचा भूतकाळ दृश्यांतून समोर येतो. १९८०मध्ये आपण नायिका झालेल्या एलिझाबेथ गार्वीच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. तिचे विचार तिच्याच आवाजात ऐकू येतात.

एलिझाबेथची आई मिसेस बेनेट मात्र १९९५ची, ॲलिसन स्टेडमनची. तिला तोड नाही.

कादंबरी आधी वाचली असेल तर १९८०पासून सुरुवात करा. घरच्या सगळ्यांना घेऊन बसणार असाल, तर १९९५ लावा.