होमस्कूलचा जानेवारी: 3 तारीख की 14?

घरीच शिकवताय आणि जानेवारीत एकच धडा नीट रंगवायचा असेल तर सावित्रीबाई जयंती घ्यावी की संक्रांत? मुलं सात-आठ वर्षांची असतील तर माझं मत सरळ संक्रांतीला. तिळगूळ तर होतोच, पण खरी मजा सावलीत आहे. गच्चीत मीटरभर काठी उभी करा, साडेबारानंतर दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सगळ्यात छोटी लिहून ठेवा, पुण्यात 22 डिसेंबरला ती साधारण 90 सेंटिमीटर भरते आणि 14 जानेवारीला 83च्या आसपास, म्हणजे उत्तरायण खरं तर डिसेंबरातच सुरू झालंय हे पोरं स्वतःच पकडतात (मग आजीशी वाद होतो, तो वेगळा).

3 जानेवारीचं काम जरा जड आहे. 1831चा जन्म, नायगाव, 1848ची भिडेवाड्यातली शाळा, हे नुसतं पाठ करून घेतलं तर भाषणस्पर्धाच झाली. त्यापेक्षा 1897चा प्लेग घ्या, रुग्णांची सेवा करतानाच त्या गेल्या, आणि लॉकडाऊन आठवणारी मुलं यावर प्रश्न विचारून डोकं खातात. दहाच्या पुढच्यांना हेच द्या.

खर्च दोन्हीकडे किरकोळ, फक्त पाक आपणच करायचा, चटका लय वाईट बसतो.