कॉन्टेसासाठी 12 व्होल्टचा क्यूब पंप: पंप घ्या, बाकीचं किट दुकानातच राहू द्या

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे गेला की कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्या एका ठरलेल्या जागी अडतात. पळताना तक्रार नसते. चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलं की स्टार्टर फिरतो, बॅटरी उतरते, गाडी मात्र उचलत नाही. गरमीने नळीत पेट्रोलची वाफ धरलेली असते, पेट्रोल पुढे सरकत नाही. मग इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ओलं फडकं गुंडाळून वाट बघायची. देशी मसल कार म्हणून जिचं नाव घेतात त्या कॉन्टेसा क्लासिकचं 1.8 लिटरचं इसुझू इंजिनही याला अपवाद नाही, आणि 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने दुखणं कमी केलेलं नाही.

यावर इलाज म्हणून विकलं जाणारं किट साधारण असं असतं: छोटा चौकोनी, विजेवर चालणारा 12 व्होल्टचा पेट्रोलचा पंप (क्यूब पंप), पारदर्शक फिल्टर, दाब कमी करणारा डायलचा रेग्युलेटर, मीटर-दीड मीटर काळी नळी आणि चार क्लिपा. यातला पंप कामाचा आहे. पण तो कुठे बसवला यावर सगळं अवलंबून आहे, आणि किटसोबतच्या कागदावर नेमकं तेच नसतं.

मूळ मेकॅनिकल पंप तापलेल्या इंजिनावर बसून मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथेच वाफ लवकर धरते. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उकळू लागतात. इथेनॉल एकटं 78 अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ उलट लवकर होऊ शकते. नवा पंपही बॅटरीशेजारी, बॉनेटखाली बसवला तर तोच खेळ पुन्हा सुरू. वायर कमी लागते म्हणून बरेच मिस्त्री तिथेच बसवतात, ऐकू नका. पंप टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आणि रबर बुशवर हवा. बुश नसतील तर टकटक सगळ्या बॉडीत घुमते. इंजिनावरचा जुना पंप काढलात तर त्या जागी गॅस्केटसह बंद प्लेट लावा, नाहीतर ऑइल गळेल.

दाबाकडे नीट लक्ष द्या. या कार्ब्युरेटरला 3 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास पुरतं. खोक्यावर 4 ते 7 लिहिलेला पंप ‘पॉवरफुल’ म्हणून माथी मारतात. त्याने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल रोखणारी नीडल ढकलली जाते, पेट्रोल साठवणारं फ्लोटचं भांडं भरून वाहतं आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर टपकतं. आग अशीच लागते. 4 च्या आतला पंप घेतला तर रेग्युलेटर लागतच नाही. डायलवरच्या आकड्यांवर तसाही भरवसा ठेवू नये: 2 वर ठेवलेला डायल प्रत्यक्षात किती देतो ते दाब मोजणाऱ्या 0 ते 15 च्या साध्या गेजनेच कळतं. गेज तेल भरलेला नको, बॉनेटखाली तापला की चुकीचं दाखवतो.

किटमध्ये मुळात नसलेली आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे रिटर्न लाइन. कार्ब्युरेटरच्या अगदी अलीकडे तीन तोंडांचा फिल्टर लावायचा आणि तिसऱ्या तोंडातून, साधारण दीड मिलिमीटरच्या छिद्रातून, पेट्रोल परत टाकीच्या वरच्या भागात न्यायचं. लाइनमधलं पेट्रोल सतत फिरत राहतं, वाफ टाकीकडे निघून जाते, गाडी बंद केल्यावर अडकलेला दाबही उतरतो. गरम इंजिन पहिल्या सेल्फला उचलतं ते बहुतांशी यामुळे. छिद्र मोठं पाडलं तर कन्नड घाटाच्या चढावर गाडी उपाशी राहील.

किटमधली नळी टाकून द्या. साधं रबर इथेनॉलने फुगतं, आतून सुटतं आणि त्याचा काळा चुरा जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) जाऊन बसतो. अंगावर ‘एसएई जे30 आर9’ छापलेली 8 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घ्या. क्लिपा गोल काठाच्या घ्या, दातेरी पट्टीच्या क्लिपा रबर कापतात.

फिल्टर दोन लावा. पंपाच्या आधी जाड जाळीचा, 100 मायक्रॉनच्या आसपासचा; बारीक फिल्टर पंपानंतर. उलटं केलं तर बारीक कागद ओढ अडवतो आणि वाफेचं दुखणं टाकीपाशीच उभं राहतं. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा आणि गंज सोडवतं, त्यामुळे पहिला फिल्टर चारपाचशे किलोमीटरमध्येच बदलायची तयारी ठेवा.

वायरिंगला रिले (छोट्या सिग्नलने पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच), 5 अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची तार पुरे. पण रिलेचा सिग्नल थेट इग्निशनवरून देऊ नका. अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी चालूच असते, आणि पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. मधे ऑइलचा दाब गेला की वीज तोडणारा ऑइल प्रेशर स्विच किंवा धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच हवाच. भंगारातल्या जुन्या फोर्डमधला चालतो.

दोन गोष्टी या पंपाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), त्यासाठी मेन जेटचा व्यास तीन-चार टक्क्यांनी वाढवावा लागतो. आणि कार्ब्युरेटरच्या भांड्यातलंच पेट्रोल उकळत असेल तर खाली बॅकेलाइटचा जाड स्पेसर लागतो.

खरेदी करताना दुकानातच बॅटरी जोडून ऐका. कोरडा पंप भराभर टकटकतो, तेवढे दोन-चार सेकंद चालतं. गाडीवर भांडं भरलं की टकटक मंदावायला हवी. इनर्शिया स्विचच्या जोडणीत चावी फिरवून इंजिन बंद असताना ती मंदावलीच नाही, तर कुठेतरी पेट्रोल गळतंय, हवा शिरतेय किंवा रिटर्नचं छिद्र मोठं आहे. अंगावर दाबाचा आकडाच नसलेला पंप कितीही स्वस्त मिळाला तरी परत करा.