विद्यापीठाची मोफत पाणी तपासणी : केळापूर तालुक्यातून एका अंगणवाडी सेविकेचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे देते. पाचवा का नाही, ते पुढं येईलच.

आमचं गाव पांढरकवड्यापासून आत, कापूस-तुरीचं. शेजारी कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती) आहे, त्याची लेकरंही माझ्याच अंगणवाडीत येतात. विद्यापीठाच्या पर्यावरण विभागाचं पथक गावात येऊन विहिरी, हापश्या आणि नळाचं पाणी तपासतं, निकाल समजावून सांगतं आणि पुढं काय करायचं तेही सुचवतं. केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात कॉलेजं, विद्यापीठं गावं दत्तक घेतात, त्यातलंच हे काम. २०१४ पासून ही योजना आहे, पण आपण पत्र दिल्याशिवाय आपल्या गावाकडं कोणाचं लक्ष जाईल असं मला वाटत नाही. आम्ही ग्रामपंचायतीचा ठराव आणि सरपंचांच्या सहीचं पत्र दिलं. पैसे काहीच लागले नाहीत.

पत्र देण्यामागं कारण होतं लेकरांचे दात. पोडावरच्या मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे डाग दिसायचे, मग तपकिरी पट्टे. मोठी माणसं त्यांना 'खर्रा खाता का रे' म्हणून रागवायची. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. सात-आठ वर्षांच्या पोरीही मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. त्यांनी खर्ऱ्याला हात लावलेला नाही हे मला माहीत होतं, पण सिद्ध कसं करणार?

पथकाचं काम पाहून मला पहिल्याच दिवशी भरवसा वाटला. हापशी बराच वेळ हापसून नळीतलं साचलेलं पाणी त्यांनी काढून टाकलं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, मगच भरली. दातांवर असे डाग पाडणाऱ्या फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली वापरली, कारण फ्लोराइडची काचेशी क्रिया होते. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली, ती बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी रवाना केली. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ. पाणी भरायला आलेल्या बायांनाही विचारलं की उन्हाळ्यात कुठली विहीर आटते आणि तेव्हा पाणी कुठून आणता. असं विचारणारं आमच्याकडं याआधी कोणी आलं नव्हतं.

पोडावरच्या हापशीत फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. भारतीय मानकाप्रमाणं ते लिटरमागं १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. मारुतीच्या देवळामागची जुनी सरकारी विहीर फ्लोराइडच्या बाबतीत चांगली निघाली, पण तिच्यात जंतू होते. गोठ्यांजवळच्या विहिरीत नायट्रेट लिटरमागं ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर, कारण उकिरडे काठालाच आहेत. ते पाणी तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधाला अजिबात वापरू नका, असं पथकाच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं.

निकाल सांगायच्या सभेत सगळ्यात मोठा वाद इथंच झाला. एक आजी म्हणाल्या, "बोरिंगचं पाणी तं काचेवानी साफ हाये, मंग खराब कसं? अन् थे गढूळ विहीर चांगली?" मॅडम अजिबात वैतागल्या नाहीत. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं राहतं, खडकातल्या खनिजांतलं फ्लोराइड त्यात उतरत जातं, ते दिसत नाही की चवीला लागत नाही. वरची विहीर दर पावसाळ्यात नव्या पाण्यानं भरते. जंतू टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं मरतात, फ्लोराइडवर टीसीएलचा काही उपयोग नाही. पाणी उकळलं तर वाफ जाते, फ्लोराइड खालीच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं. हे ऐकून बायांमध्ये कुजबूज झाली, कारण पोडावर बाळंतिणीला आम्ही उकळलेलंच पाणी द्यायला सांगत आलो आहोत. आशाताईनं तिथल्या तिथं हे सगळं कोलामीत सांगितलं, तेव्हा मागं बसलेल्या म्हाताऱ्याही बोलायला लागल्या. गुडघे, कंबर, मान आखडण्याच्या तक्रारी निघाल्या. अशी प्रत्येक तक्रार फ्लोराइडचीच असते असं नाही, डॉक्टरांना दाखवा, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

हापशीला लाल रंग द्यायचा म्हटल्यावर काही माणसं उठून उभी राहिली. "गावाच्या पाण्यात दोष हाये म्हटल्यावर आपल्या पोट्ट्यायले पोरी कोन देईन?" ही भीती खोटी नाही. पथकानं आग्रह धरला नाही, निर्णय गावावर सोडला. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला: हापशी लाल, पाणी फक्त धुण्याला आणि जनावरांना. पिण्याला आणि स्वयंपाकाला देवळामागची विहीर, तिच्यात जलसुरक्षकानं रोज टीसीएल टाकायची. स्वयंपाकाचं पाणी यात घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण डाळ-भात त्याच पाण्यात शिजतो.

तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धतही त्यांनी बादलीत करून दाखवली. ती आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं शोधलेली आहे. घरोघरी ती चालेल असं मला वाटत नाही. प्रत्येक पाण्याला तुरटीचं माप वेगळं लागतं आणि वेचणीवरून दमून आलेल्या बाईनं रोज गाळ बसायची वाट पाहत बसायचं, हे होणार नाही.

आता तक्रारी. पहिली सभा ऐन वेचणीत भर दुपारी ठेवली. पाणी भरणाऱ्या बाया शेतात आणि समाजमंदिरात नुसते पुरुष. आम्ही सांगितल्यावर दुसरी सभा संध्याकाळी अंगणवाडीत घेतली, वर लिहिलं ते सगळं त्या सभेतलं. अहवाल आधी इंग्रजीतच मोबाइलवर आला. मराठी तक्ता मागून घ्यावा लागला, तो आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. काही विद्यार्थी लेकरांना ओळीत उभं करून दातांचे फोटो काढायला लागले, ते मी थांबवलं. आईबापांना विचारल्याशिवाय फोटो नको. त्यांच्या सरांनी लगेच मान्य केलं आणि नंतर घरोघरी जाऊन सह्या घेतल्या.

पण तारा कापला तो वेगळ्या कारणानं. सत्र बदललं की विद्यार्थी बदलतात, नव्यांना आमची विहीर कुठली तेही ठाऊक नसतं. आमचे नमुने हिवाळ्यातले आहेत. मे महिन्यात देवळामागची विहीर तळाला जाते, तेव्हा तिच्या पाण्यात काय असतं हे अजून कोणी तपासलेलं नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक पुन्हा लाल हापशीकडं वळतील. पाणी तपासायला घेतलं तर उन्हाळ्याचा आणि पावसाळ्यानंतरचा असे दोन्ही नमुने व्हायलाच हवेत.

तुमच्या गावात बोलावणार असाल तर हे पत्रातच लिहून घ्या. सभेची वेळ बायांना विचारून ठरवा. आणि तेच नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतही द्या, म्हणजे नव्या नळयोजनेची मागणी करताना सरकारी अहवाल हाताशी राहील. आम्ही आमचे मागच्या आठवड्यात दिले.